नॅन्टकेटचीं घरें

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेंतील नॅन्टकेट नांवाच्या बेटावर एक चमत्कारिक देखावा पाहावयास मिळत असे. गांवच्या गोट्यांच्या रस्त्यावरून घोडे जुंपलेली एक मोटारगाडी संथपणें चाललेली असे. गाडींत बिघाड कांहींच नसे. यंत्र उत्तम चालूं शकत होतें. पण गांवाच्या हद्दींत मोटार चालविण्यास बंदी होती, आणि गांवाबाहेरून सायास्कॉन्सेटकडे जाणारा रस्ता मात्र संस्थान-सरकारच्या मालकीचा असल्यामुळें तेथें गांवचा हुकूम चालत नव्हता. तेव्हां टपालाचा मक्ता घेतलेला क्लिंटन फोल्जर हा गृहस्थ गांवापुरती मोटार घोड्यांकडून ओढवी आणि सरकारी रस्ता लागला कीं घोडे सोडून यंत्र सुरू करी. कायद्याचा मानहि राहिला आणि टपालहि वेळेवर पोंचलें! (हें फोल्जर घराणें बेटावरील जुन्यांपैकीं, बेंजामिन फ्रँकलिनची आई याच घराण्यांतली.) अखेर १९१८ सालच्या मे महिन्यांत गांवकऱ्यांनीं मतें दिलीं, आणि ३२६ विरुद्ध २९६ अशा निसटत्या मताधिक्यानें मोटारी आंत आल्या. माथेरानास जाऊन आलेल्या वाचकांस ही बंदी फारशी विचित्र वाटणार नाहीं.

तीस मतांचा हा फरक मुद्दाम सांगितला, कारण या गांवाचा इतिहास बहुतांशीं अशाच मतमोजणींतून घडला आहे. मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील लहान गांवांचा कारभार ग्रामसभेच्या पद्धतीनें चालतो. मतदारयादींत नांव असलेल्या प्रत्येक माणसास सभेंत जाऊन बसण्याचा, बोलण्याचा व हात वर करण्याचा अधिकार असतो. कोळी, सुतार, वकील, शाळामास्तर, सारे एका दिवाणखान्यांत. असल्या सभेंत आपलें गांव कसें दिसावें आणि त्यांत कोणीं राहावें हे दोन प्रश्न आज शंभर वर्षांहून अधिक काळ पुनःपुन्हां निघत आहेत. पहिल्याचें उत्तर गांवानें फार लवकर व फार चांगलें दिलें. दुसऱ्याचें उत्तर देतांना त्याची जी तारांबळ उडाली तिचाच विचार येथें करावयाचा आहे.

केप कॉडच्या दक्षिणेस सुमारें तीस मैलांवर समुद्रांत हें बेट आहे. मूळचे रहिवासी वाम्पानोआग जमातीचे. १६५९ सालीं थॉमस मेह्यू या इंग्रजानें तीस पौंड व दोन बीव्हर-टोप्या, एक स्वतःसाठीं आणि एक बायकोसाठीं, एवढ्या मोबदल्यांत आपला हक्क नऊ जणांस विकला. ज्यांची ती भूमि होती त्यांच्यापैकीं ३५८ माणसें एका शतकानंतर बेटावर उरलीं होतीं, आणि १७६३–६४ च्या सांथींत त्यांतील २२२ मृत्यु पावलीं. बेटावरच्या घरांच्या वादाचा आरंभ खरें पाहतां येथून करावयास हवा. परंतु त्या वादांत बोलण्यास त्या लोकांपैकीं फारसें कोणी उरलें नाहीं.

गोऱ्या वसाहतवाल्यांनीं देवमाशांची शिकार आरंभिली आणि बेटाचें नशीब उघडलें. देवमाशाच्या तेलावर युरोप-अमेरिकेंतले दिवे जळत, आणि त्या तेलाच्या व्यापारांत नॅन्टकेटनें जगांत पहिलें स्थान मिळविलें. हे लोक बहुधा क्वेकर पंथाचे. संपत्ति अफाट, पण थाट करावयाचा नाहीं असा दंडक. त्यामुळें घरेंहि तशींच झालीं. लांकडी सांगाडा, भिंतींवर पांढऱ्या देवदाराच्या छोट्या फळ्या एकावर एक बसविलेल्या, त्यांस रंग नाहीं. खाऱ्या वाऱ्यानें व पावसानें या फळ्या दोन-चार वर्षांत चंदेरी-करड्या होतात, आणि मग सारें गांव एकाच रंगाचें दिसूं लागतें. जोसेफ स्टारबक या व्यापाऱ्यानें १८३६ ते १८३८ च्या दरम्यान आपल्या तीन मुलांसाठीं एकासारख्या एक अशा तीन विटांच्या हवेल्या बांधल्या, तेव्हां क्वेकरांचा दंडक सैल झाला होता हें उघड आहे. हरमन मेल्व्हिलनें देवमाशाच्या शिकारीवरील आपल्या १८५१ च्या प्रसिद्ध कादंबरींत या बेटाचें वर्णन केलें. गंमत अशी कीं, तोंवर त्यानें बेटावर पाऊलहि टाकलें नव्हतें, तो आला तो पुढल्या वर्षीं.

मग उतरती कळा लागली, आणि ती एकदम लागली. बंदराच्या तोंडाशीं वाळूचा बांध होता. जहाजें जसजशीं मोठीं झालीं तसतशीं तीं त्यावर अडकूं लागलीं. जहाज उचलून पलीकडे नेण्यासाठीं १८४२ त तरंगत्या गोद्या बांधल्या, त्यांस लोक ‘उंट’ म्हणत. पण उंटांच्या पाठीवर व्यापार किती दिवस चालणार? न्यू बेडफर्डास खोल बंदर होतें आणि आगगाडीहि होती. १८४६ च्या जुलैंत एका टोपीवाल्याच्या दुकानांत लागलेल्या आगीनें तेलाच्या वखारी पेटल्या व गांवाचा तिसरा हिस्सा भस्म झाला. १८४८ त कॅलिफोर्नियांत सोन्याचा शोध लागला आणि तरुण माणसें तिकडे धांवलीं. १८५९ त पेन्सिल्व्हेनियांत जमिनींतून तेल निघालें, तेव्हां देवमाशास जीवदान मिळालें व नॅन्टकेटचा धंदा संपला. १८४० सालीं ९,०१२ असलेली लोकसंख्या १८८० त ३,७२७ वर आली, आणि १९२० त २,७९७.

गांव जुनें कसें राहिलें याचें खरें उत्तर या आंकड्यांत आहे. नवीं घरें बांधण्यास पैसा नव्हता, आणि नव्या घरांची गरजहि नव्हती. एखादें घर ओस पडलें तर त्याच्या फळ्या व तुळया शेजाऱ्याच्या उपयोगीं पडत. बेटावर मोठीं झाडें नव्हतीं, त्यामुळें लांकूड टाकून देणें ही चैन कोणासच परवडत नसे. पैसेवाल्या गांवांनीं याच काळांत आपलीं जुनीं घरें पाडून वर मनोरे, कमानी आणि रंगीत कांचा चढविल्या. रक्षणाचें श्रेय आपण नेहमीं रसिकांस देतों. नॅन्टकेटच्या बाबतींत पाऊणशें वर्षें तें काम दारिद्र्यानें केलें, आणि कोणतेंहि मंडळ करील त्याहून चोख केलें.

रसिक आले ते नंतर, आगबोटींतून, उन्हाळ्यांत. समुद्रस्नानास व हवा पालटण्यास येणाऱ्या शहरी मंडळींस करड्या घरांचें कौतुक वाटूं लागलें, आणि मग गांवकऱ्यांसहि वाटूं लागलें. सायास्कॉन्सेट येथें कोळ्यांच्या बुटक्या झोपड्या होत्या. एडवर्ड अंडरहिल नांवाच्या न्यूयॉर्कच्या एका लघुलेखकानें १८८० च्या दशकांत त्यांच्याच धर्तीवर नव्या झोपड्या बांधून उन्हाळ्यापुरत्या भाड्यानें देण्यास आरंभ केला. म्हणजे जुन्याची नक्कल करणें आणि पाहुण्यांस घर भाड्यानें देणें या दोन्ही गोष्टी बेटावर सव्वाशें वर्षांहून जुन्या आहेत. १८९४ त तेथील इतिहास-मंडळ स्थापन झालें. पुढें त्यानें १६८६ सालचें जेथ्रो कॉफिनचें घर, बेटावर आपल्या मूळ जागीं उभें असलेलें सर्वांत जुनें, विकत घेऊन दुरुस्त केलें. १९३७ त एव्हरेट क्रॉस्बी यानें गांवच्या जुन्या घरांवर एक पुस्तिका काढली. गांव शेंकडा पंचाण्णव टक्के निर्दोष आहे असें तिच्या नांवांतच त्यानें सांगून टाकलें. उरलेल्या पांच टक्क्यांत पेट्रोलचे पंप, विजेच्या पाट्या व दुकानांचे भडक दर्शनी भाग हीं सारीं येत असावींत.

दक्षिणेंतील चार्ल्सटन शहरानें १९३१ सालीं कायद्यानें एक ऐतिहासिक विभाग आंखून त्यांतील इमारतींच्या बाह्य स्वरूपावर नियंत्रण घातलें होतें. अमेरिकेंतला तो पहिला प्रयत्न. १९५५ त मॅसॅच्युसेट्सच्या कायदेमंडळानें तसेंच दोन विभाग निर्माण केले, एक बॉस्टनमधील बीकन हिल आणि दुसरा नॅन्टकेट. नॅन्टकेटच्या मंडळांत पांच सभासद. घर बांधावयाचें असो, वाढवावयाचें असो, पाडावयाचें असो, कीं दरवाजास नवा रंग द्यावयाचा असो, त्यांची संमति हवी. पुढें पंधरा-सोळा वर्षांनीं जुन्या गांवापुरता असलेला हा कायदा सबंध बेटास लागू झाला.

माझ्या घराचा दरवाजा मी कोणत्या रंगानें रंगवावा हें शेजाऱ्यानें सांगावें, ही कल्पना अमेरिकन माणसाच्या घशाखालीं सहजासहजीं उतरणारी नव्हे. पण प्रस्तुत लेखकास हा कायदा योग्य वाटतो. रस्त्यावरून दिसणारी भिंत मालकाची असली तरी तिचें दर्शन सर्वांचें असतें. आणि ज्या गांवाचें पोट आपल्या रूपावर भरतें त्यानें रूपाची काळजी घेणें यांत नवल तें काय? दोष शोधावयाचा तर तो वेगळ्या ठिकाणीं आहे. या कायद्याचा अधिकार भिंतीच्या बाहेरच्या अंगापुरता होता. आंत काय चाललें आहे, आणि आंत कोण आहे, हे दोन्ही विषय त्याच्या कक्षेबाहेर राहिले.

आंत काय चाललें आहे तें २००० सालीं साऱ्या देशास कळलें. अमेरिकेंतील राष्ट्रीय वारसा-रक्षण संस्था दरवर्षीं नाशाच्या वाटेवर असलेल्या अकरा स्थळांची यादी प्रसिद्ध करीत असे. तींत त्या वर्षीं नॅन्टकेटचें नांव आलें. बाहेरून एक फळीहि हललेली नाहीं अशा घरांचीं आंतून जिने, चुली, लांकडी तावदानें, गिलावा, सारीं काढून फेकलीं जात होतीं आणि कवचांत नवें घर बसविलें जात होतें. मंडळानें आपलें काम चोख बजावलें होतें. कवच अभंग होतें. दारिद्र्यानें मात्र आंतलें आणि बाहेरचें असा भेद कधीं केला नव्हता.

आंत कोण आहे हा प्रश्न याहून अवघड. त्याची सुरुवात वॉल्टर बाइनेक या धनिकानें केली असें म्हणण्याचा प्रघात आहे. १९६४ त त्यानें एक कंपनी काढून बंदराचे धक्के आणि मध्यगांवांतील व्यापारी जागांचा फार मोठा भाग विकत घेतला. मोडकळीस आलेले धक्के नवे केले, करड्या फळ्यांचीं दुकानें उभारलीं, नौकांसाठीं गोदी बांधली. थोडे पाहुणे यावेत पण भारी खर्च करणारे यावेत, असा त्याचा सरळ हिशेब होता व तो त्यानें लपविलाहि नाहीं. संतापलेले गांवकरी छातीवर बिल्ले लावून हिंडूं लागले. सारें बेट कोणा एकाच्या मालकीचें नव्हे, असा त्यांवरील शब्दश्लेषाचा रोख होता. पण न्याय सांगावयाचा तर हेंहि सांगितलें पाहिजे कीं, त्यानेंच मोकळ्या माळरानाच्या रक्षणासाठीं उदंड साह्य केलें, आणि तो नसता तर धक्क्यावर काय उभें राहिलें असतें याची कल्पना करवत नाहीं. भाव वाढणें एका माणसाच्या हातीं नव्हतें. त्यानें फक्त वारा कोणत्या दिशेनें वाहतो तें आधीं ओळखलें.

१९७२ सालीं ग्रामसभेनें जमिनीच्या वापराचे पट्टे आंखणारा पहिला नियम केला, आणि आमच्या मतें पुढच्या साऱ्या वादाचें मूळ येथें आहे. या पद्धतींत गांवाबाहेरच्या ग्रामीण पट्ट्यांत एका घरास किमान किती जागा लागेल हें ठरवून दिलेलें असतें. सर्वांत विरळ पट्ट्यांत ही मर्यादा १,२०,००० चौरस फूट, म्हणजे सुमारें पावणेतीन एकर, आहे. उलट जुन्या ऐतिहासिक गांवठाणांत ती ५,००० चौरस फूट. ज्या दाटीवाटीच्या गल्ल्यांसाठीं, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या घरांसाठीं सारें जग नॅन्टकेटास येतें, तसलें गांव त्याच बेटावर दुसरीकडे पुन्हां वसविणें नियमानेंच अशक्य झालें! हेतु वाईट नव्हता. विहिरींचें पाणी जपावयाचें होतें, माळ जपावयाचें होतें, घाऊक बांधकाम करणाऱ्यांस रोखावयाचें होतें. परंतु पावणेतीन एकरांवर एक घर, हा नियम सुतारासाठीं नसतो. तो ज्याच्याजवळ पावणेतीन एकर घेण्याची ऐपत आहे त्याच्यासाठीं असतो.

याच्या जोडीस १९८३ सालीं भूमिपेढी आली. जमीन किंवा घर विकत घेणाऱ्यानें बहुतेक व्यवहारांत किंमतीच्या दोन टक्के रक्कम या पेढीस द्यावयाची, आणि पेढीनें त्या पैशांतून मोकळी जमीन विकत घेऊन कायमची मोकळी ठेवावयाची. कल्पना फार हुशारीची, व अमेरिकेंत अशा तऱ्हेची पहिली. ती आणि १९६३ त स्थापन झालेली संरक्षण-संस्था यांच्या उद्योगानें बेटाचा अर्ध्याहून अधिक भाग बांधकामापासून सुटला. आतां हिशेब पाहा. अर्धें बेट मोकळें ठेवलें; उरलेल्यांतला बराच भाग विरळ पट्ट्यांत; जुन्या गांवांत घर वाढवावयास मंडळाची संमति. प्रत्येक ठराव एकेकटा घेतला तर उत्तम. तिन्ही एकत्र केले कीं घरांची संख्या ठरलेली, आणि घेणारे मात्र न्यूयॉर्क-बॉस्टनचे श्रीमंत. २०२३ च्या सुमारास साधारण घराची किंमत तीस लक्ष डॉलरांच्या वर गेली होती.

मग बेट चालविणार कोण? परिचारिका, शिक्षक, पोलीस, नळ दुरुस्त करणारे, स्वयंपाकी? त्यांतले पुष्कळ पहांटे केप कॉडवरून आगबोटीनें किंवा लहान विमानानें येतात व संध्याकाळीं परत जातात. जे बेटावर राहतात त्यांपैकीं अनेकांस हिंवाळ्यांत एका घरीं आणि उन्हाळा लागतांच मालकास घर मोकळें करून देऊन दुसरीकडे, अशी वर्षांतून दोनदां बिऱ्हाडें हलवावीं लागतात.

यावर उपाय म्हणून दाट वस्ती करूं म्हटलें कीं सभा तापते. मॅसॅच्युसेट्सचा १९६९ चा एक कायदा असा आहे कीं, ज्या गांवांत परवडणाऱ्या घरांचें प्रमाण दहा टक्क्यांहून कमी असेल तेथें अशीं कांहीं घरें बांधणाऱ्यास स्थानिक पट्ट्यांच्या नियमांतून सूट मिळूं शकते. या कायद्याचा आधार घेऊन २०१८ त बेटाच्या दक्षिण भागांत साडेतेरा एकरांवर १५६ घरांची योजना पुढें आली. विरोध प्रचंड झाला. सांडपाणी, रहदारी, आग लागल्यास बाहेर पडण्याची सोय, आणि बेटाचें रूप, असे आक्षेप होते. त्यांतले कांहीं खरोखरच गंभीर होते. उलट बाजूचें म्हणणें असें कीं, हे आक्षेप घेणाऱ्यांपैकीं पुष्कळांस स्वतःचें घर आहे. प्रकरण वर्षानुवर्षें कचेऱ्यांत व न्यायालयांत फिरलें. विकासकाचा हेतु परोपकाराचा होता असें कोणी समजूं नये. पण गांवानें स्वतः पट्टे आंखतांना सुतारासाठीं जागा ठेविली असती तर असल्या विकासकास ही फट सांपडली नसती.

२०२१ पासून सभेपुढें आलेला दुसरा वाद म्हणजे आठवड्याच्या हिशेबानें पाहुण्यांस घरें भाड्यानें देण्याचा. गुंतवणूकदार रहिवासी आळींतलीं घरें घेऊन त्यांचीं हॉटेलें करतात, असें एक पक्ष म्हणतो. दुसरा म्हणतो, आमच्या आज्यांनीं उन्हाळ्यांत खोल्या भाड्यानें दिल्या म्हणूनच हें घर आमच्या हातीं राहिलें. दोघेहि खरें बोलतात, हीच अडचण. शिवाय असल्या नियमांतील बदलास नुसतें बहुमत पुरत नाहीं, दोन-तृतीयांश मतें लागतात. ती पायरी चढतां न आल्यानें ठरावामागून ठराव पडले. घरें वाढविणाऱ्या कांहीं थोड्या बदलांपुरती मात्र ती अट संस्थानानें २०२१ त सैल केली.

आणि मत कोणास आहे? उन्हाळी हवेल्यांचे मालक कर भरतात, पण त्यांचें मतदान न्यूयॉर्कांत, म्हणून त्यांस मत नाहीं. पहांटेच्या बोटीनें येणाऱ्या सुतारास मत नाहीं, कारण तो बेटावर राहत नाहीं. जमैका किंवा एल साल्व्हादोरहून येऊन तेथें राबणाऱ्या कामकऱ्यांपैकीं जे नागरिक झालेले नाहींत त्यांसहि नाहीं. म्हणजे ज्यांच्यामुळें प्रश्न उत्पन्न झाला आणि ज्यांच्यासाठीं तो सोडवावयाचा, असे दोन्ही पक्ष बव्हंशीं दाराबाहेर. आंत बसले आहेत ते मधले.

फाइव्ह कॉर्नर्स म्हणून गांवांत एक चौक आहे. तेथें बेटावरील काळ्या लोकांची वस्ती होती. खलाशी, दोरखंडवाले, आणि अॅब्सलम बॉस्टनसारखा स्वतः जहाजाचा कप्तान झालेला पुरुषहि. त्यांची १८२० च्या दशकांतली लहानशी प्रार्थनाशाळा चौकाशीं आहे. वस्ती उठली. ऐतिहासिक विभागाचा कायदा होण्याच्या बावीस वर्षें आधीं, १९३३ सालीं, शेजारींच घर घेऊन राहिलेल्या फ्लॉरेन्स हिगिनबॉथम या काळ्या स्त्रीनें ती वास्तु विकत घेतली आणि आपल्याजवळ ठेवली. त्यामुळेंच १९८९ त एका वस्तुसंग्रहालयास ती मिळूं शकली, आणि १९९९ मध्यें दुरुस्त होऊन पुन्हां उघडली.

बेटावर घर पाडण्यापेक्षां हलविण्याची चाल फार जुनी आहे. अठराव्या शतकाच्या आरंभीं पहिल्या वसाहतीचें बंदर वाळूनें बुजलें, तेव्हां लोकांनीं गांव सोडतांना घरेंहि बरोबर नेलीं. सायास्कॉन्सेटच्या कड्यावर समुद्र जसजसा आंत येतो तसतशीं घरें मागें ओढलीं जातात. अलीकडे एखाद्या धनिकास मोठी हवेली बांधण्यासाठीं जुनें लहान घर नको झालें, कीं तेथील एक गृहसंस्था तें मागून घेते, चाकांच्या गाड्यावर चढविते, आणि वर्षभर बेटावर राहणाऱ्या एखाद्या कुटुंबासाठीं दुसऱ्या जागीं पायावर बसविते. रस्ता बंद करावा लागतो, विजेच्या तारा वर उचलाव्या लागतात, आणि मग तें करड्या फळ्यांचें घर, फोल्जरच्या मोटारीइतक्याच वेगानें, गांवाबाहेर निघतें.